टायर कुठून खातोय? साताऱ्यात टायरच्या कामाला लागणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी

आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा ट्रेड करून टायर-अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवण्याच्या) कामाला आलेल्या प्रत्येकाला अलाइनमेंट मशीनच्या स्क्रीनपुढे उभं राहायची घाई असते. मी आधी त्यांना चाकाशेजारी बसवतो आणि हात टायरवर ठेवायला सांगतो. गाडी आत्ता कशी उभी आहे ते स्क्रीन दाखवते. ती गेले काही महिने कशी चालली, कुणी चालवली, हवा कधी बघितली, हे सगळं टायरवर उमटलेलं असतं.

हे काम शिकायला सातारा फार चांगली जागा आहे. एकीकडे पुणे-बेंगळुरू हायवे. दुसरीकडे यवतेश्वर घाट चढून कास-बामणोलीचा रस्ता, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडचा टोकदार जांभा, आणि पूर्वेला माण-खटावचा मुरूम. एकच थार किंवा बोलेरो पंधरवड्यात हे सगळं तुडवून येते. त्यामुळे इथे टायरची झीज एकाच कारणाने झालेली क्वचित सापडते.

सोप्या खुणा लवकर अंगवळणी पडतात. मधली पट्टी झिजली तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. ऑफ-रोडवाल्यांत दुसरा प्रकार जास्त. चिखलात पकड मिळावी म्हणून हवा 15-20 पीएसआयपर्यंत उतरवतात, ते बरोबरच आहे, पण परत भरायचा कंटाळा करतात आणि तशीच गाडी हायवेला घालतात. कडा तर जातातच, शिवाय टायर आतून तापतो आणि फुटायचा धोका वाढतो. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेलं असतं, आणि ती थंड टायरची असते. घाट उतरून आलेल्या गरम टायरमधली हवा कमी करून आकडा जुळवू नका.

आता तळहाताचं काम. नक्षीवरून हात आडवा फिरवा, एकदा बाहेरून गाडीच्या दिशेने, मग उलटा. आत जाताना गुळगुळीत आणि बाहेर येताना बोटांना करवत लागल्यासारखं वाटलं, तर टो-इन जास्त आहे, म्हणजे चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे वळलेली आहेत. उलट असेल तर टो-आउट, म्हणजे ती टोकं बाहेर वळलेली. डोळ्यांना टायर अगदी ठीक दिसत असताना हाताला हे कळतं, म्हणून मी या गोष्टीवर एवढा अडून बसतो. एकच कड सपाट झिजली असेल तर कॅम्बरचा, म्हणजे चाक उभ्यात आत किंवा बाहेर कललं असल्याचा, संशय घ्या, पण त्याआधी बॉल जॉइंट आणि बुश हलवून बघा. ढिल्या सांध्यावर केलेलं अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतं. अंतराअंतरावर खळगे पडले असतील तर शॉकॲब्जॉर्बर आणि बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे का) तपासा.

गाडीची बांधणीही माहीत हवी. नव्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलतं; जिम्नीला पुढेमागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्याला. जिम्नीचा टो जुळवता येतो, कॅम्बरला मात्र मूळ रचनेत सोय नसते. तिथे कॅम्बर चुकीचा दिसला तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, ते शोधा. आणि थारसारखी गाडी लिफ्ट किट टाकून उंच केली असेल तर पुढचे सगळे कोन बदलतात. लिफ्टनंतर अलाइनमेंट झालं का, हे पहिल्यांदा विचारा.

एमटी, म्हणजे चिखलासाठीच्या मड-टेरेन टायरची एक खास खोड आहे. त्याचे ठोकळे मोठे आणि सुटे असल्यामुळे प्रत्येकाची एक कड जास्त घासते, दुसरी उंच राहते. इथे हात आडवा न फिरवता घेराच्या दिशेने फिरवा, पायरी लागते. अशी गाडी हायवेवर घोंगावते आणि मालक बेअरिंग गेलं म्हणून घेऊन येतो. बेअरिंग उघडण्याआधी टायर चाचपा. या झिजेवर रोटेशनचा, म्हणजे चाकांच्या जागा आपसात बदलण्याचा, खरा उपयोग होतो, कारण चाक दुसऱ्या बाजूला गेलं की त्याची फिरायची दिशा बदलते आणि दुसरी कड घासायला लागते.

बाकीच्या दुखण्यांवर मात्र नुसतं रोटेशन करणं मला पटत नाही. बामणोलीकडे पर्यटकांना नेणारी एक बोलेरो आमच्याकडे आली होती, चारही टायर आतल्या कडेने खाल्लेले. पुढचे दोन खायला लागले तेव्हा कुठेतरी ते मागे टाकून दिले, टाय रॉडचा (स्टिअरिंगने चाक वळवणाऱ्या दांड्याचा) सांधा कुणी हलवून बघितला नाही. मग मागचे चांगले टायर पुढे येऊन तसेच गेले. दोन टायरचं नुकसान चार टायरचं झालं. कारण आधी दुरुस्त करायचं, टायर मग फिरवायचे, या क्रमावर तुम्ही ठाम राहा, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

फिरवायचे कसे? टू-व्हील ड्राइव्हमध्ये या गाड्या मागच्या चाकांवर चालतात, म्हणून मागचे दोन सरळ पुढे आणि पुढचे दोन आडवे होऊन मागे. स्टेपनी त्याच मापाची, त्याच नक्षीची आणि त्याच सुमाराची असेल तर पाचही फिरवा: मागचे सरळ पुढे, पुढचा उजवा मागे डावीकडे, पुढचा डावा स्टेपनीच्या जागी आणि स्टेपनी मागे उजवीकडे. टायरवर दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही, त्याच बाजूला पुढचा मागे आणि मागचा पुढे. साध्या वापरात 8,000 ते 10,000 किमीला, खडीमुरमात जास्त फिरणाऱ्या गाडीला 5,000 च्या आसपास.

पाच टायरचा आग्रह मी फोर बाय फोरवाल्यांना मुद्दाम करतो. थार, जिम्नी, गुरखा यांच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये मधोमध डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतो, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतो. नक्षीच्या खोलीत 4 मिमीचा फरक म्हणजे घेरात सुमारे 25 मिमीचा फरक. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो, कोरड्या डांबरावर तो ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) येतो. म्हणूनच चार टायर अर्धे झिजल्यावर कोरी स्टेपनी रोटेशनमध्ये घुसवू नका, पाच टायरचं रोटेशन पहिल्यापासूनच करायचं असतं. स्टेपनीवरचे चार आकडेही वाचा, पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. मागच्या दारावर उन्हात टांगून राहिलेला टायर न चालताही म्हातारा होतो.

खोलीचा गेज खिशात ठेवा. प्रत्येक टायरला आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन मापं घ्या आणि वहीत तारीख, किलोमीटर टाकून लिहा. पुढच्या वेळी तीच गाडी आली की फरक आपोआप दिसतो आणि गिऱ्हाइकालाही दाखवता येतो. कारच्या टायरला कायद्याची मर्यादा 1.6 मिमी आहे. पण पावसाळ्यात केळघर घाट चढणाऱ्याला 3 मिमीच्या खाली आल्यावरच मी नव्या टायरची तयारी करायला सांगतो.

पावसाळ्यात आणखी एक. स्टिअरिंग थरथरतंय म्हणून गाडी आली तर बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवण्याआधी रिमच्या आतली बाजू बघा. लाल चिखलाचा वाळलेला थर तिथे चिकटून बसलेला असतो, तो खरवडला की पुष्कळदा थरथर थांबते. हाच चिखल हब आणि रिमच्या मध्ये राहिला तर चाक नीट टेकत नाही आणि नट ढिले होतात. तारेच्या ब्रशने दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करूनच चाक चढवा.

गाडी सपाट जागेवर, चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा), आणि नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कधीही खाली जायचं नाही, स्टँड लावायचाच. नट आधी हाताने धरवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि शेवटचा आवळा टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोरानेच आवळता येणाऱ्या पान्यानेच) द्या. टॉर्कचा आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. 50 ते 100 किमी चालल्यावर नट परत तपासायला गाडी बोलवा, आणि मालक आला नाही तर त्याला फोन करा.