रोमन युद्धवर्णनं लॅटिनमधून वाचताय? शब्दांच्या या चुका टाळा

सीझरचं गॉल युद्धाचं पुस्तक उघडलं की बहुतेक जण डिक्शनरीतला पहिला अर्थ उचलतात आणि पुढे जातात, मग वाक्य जुळत नाही आणि शिव्या बसतात ग्रामरला. दुसऱ्या भागातली साबिस नदीकाठची लढाई (इ.स.पू. 57) घ्या, सगळे नेहमीचे खड्डे एकाच ठिकाणी सापडतात.

पहिला खड्डा, एक्सेर्कितुस, आग्मेन आणि आकिएस या तिन्हींपुढे 'सैन्य' लिहून मोकळं होणं. एक्सेर्कितुस म्हणजे एकूण फौज, तीच कूच करत असली की आग्मेन, लढायला फळी धरून उभी राहिली की आकिएस. हा फरक सुटला तर नेर्वी लोकांचा (इथे सीझरशी लढणारी जमात) डावच कळत नाही. त्यांना खबर होती की रोमन आग्मेनमध्ये प्रत्येक लीजनमागे (लीजन म्हणजे रोमन फौजेची मोठी तुकडी) तिचं सामान असतं, म्हणजे पहिली लीजन एकटी गाठता येईल. सीझरने मात्र सहा लीजन पुढे, मग सगळं सामान आणि मागे दोन नव्या लीजन असा क्रम लावलेला. झाडीत लपलेल्या नेर्वींनी ठरल्याप्रमाणे सामान दिसताच हल्ला केला, हल्ला इतका अचानक की ढालींच्या खोळी काढायलाही सैनिकांना वेळ मिळाला नाही. हे सामान म्हणजे इम्पेदिमेंता, त्याचा 'अडथळे' असा अर्थ लावलात तर नेर्वी कशाची वाट बघत होते हेच समजणार नाही.

नोविस्सिमुस हा तर खास फसवा. डिक्शनरी म्हणते 'सगळ्यात नवा', पण सैन्यात तो 'सगळ्यात मागचा'. नोविस्सिमुम आग्मेन म्हणजे आपल्या बखरीतलं चंदावल, प्रीमुम आग्मेन म्हणजे बिनी. (मराठीत इतके मस्त शब्द असताना इंग्रजी अर्थ कशाला पाठ करायचे!) याच लढाईत सीझर मागच्या रांगेतल्या एका सैनिकाची ढाल हिसकावून पुढे जातो, कारण स्वतःची आणलेलीच नसते, आणि बरेच जण तिथे 'नवशिक्या सैनिकाची ढाल' असं वाचतात. लगेच पुढे सिग्ना इन्फेर्रे येतं, शब्दशः निशाणं आत न्यायची, पण हुकूम असतो 'चाल करा' असा.

कास्त्रा रूपाने अनेकवचनी, पण छावणी एकच. कोपिया एकवचनात विपुलता, अनेकवचनात बहुतेकदा फौज.

अंतराचंही बघा. नदी दहा मील्लिआ पास्सुउमपेक्षा (म्हणजे दहा हजार पास्सुसपेक्षा) लांब नाही असं कैदी सांगतात, आता पास्सुस म्हणजे साधं पाऊल धरलंत तर अंतर निम्म्यावर येतं, कारण तो दुहेरी पावलाचा, पाच रोमन फुटांचा, म्हणून दहा हजार पास्सुस म्हणजे साधारण 15 किमी.

आणि वेगेतिउस या रोमन लेखकाच्या युद्धशास्त्रावरच्या पुस्तकावरून शब्दांची यादी करून ती सीझरला लावू नका, तो चारशेहून जास्त वर्षांनंतरचा, शंभरेक सैनिकांच्या ज्या नायकांना आधी केंतुरिओ म्हणत त्यांना आता केंतेनारिउस म्हणतात हे तो स्वतःच सांगतो.