ऊसतोड टोळीतल्या मुलांना पळायला शिकवताना

केनियाची टेगला लोरुपे १९९४ साली न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. पुढं २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये निर्वासित खेळाडूंचा पहिला संघ उतरला, तेव्हा त्याचं प्रमुखपद तिच्याकडं होतं. दहा जणांतले पाच धावपटू केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीतले, तिच्याच सराव-तळावर घडलेले. कर्नाटकातल्या निपाणी, चिकोडी, अथणी, रायबागच्या ज्या धावपटूंनी स्वतः हलाखी सोसली आहे, त्यांना असं काम घराजवळच करता येतं. साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की ऊसतोड टोळ्या येतात, आणि त्यांच्या कोप्यांवरची, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांतली, पोरं शाळेविना राहतात.

आधी आईला भेटा, मग वडिलांना, मग मुकादमाला. थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड असतं. ते सांभाळायला झाडाला झोळी बांधून एखादी बाई नेमली नाही, तर आठवड्यात सगळ्या मुली गळतात. मुलींसाठी शिकवणारीही बाई असावी.

तोडलेल्या फडात पळवू नका. पाचटाखालचे बुडखे तळपाय फाडतात. डबल ट्रॉलीच्या रस्त्यावर तर नकोच. माळ किंवा शाळेचं मैदान बघा. २० मीटरची दोरी घेऊन लांबीला तीन आणि रुंदीला दोन वेळा टाका, कोपऱ्यांवर चिंध्या बांधलेल्या काठ्या रोवा. फेरी २०० मीटरची झाली. कोपरे काटकोनी असल्यामुळं वेगात वळताना घोटा मुरगळतो, म्हणून जोराची धाव फक्त ६० मीटरच्या सरळ बाजूवर.

वेळ चार ते साडेपाच, आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. पोरं बहुधा उपाशीच येतात. आल्याबरोबर मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा द्या, पाणी द्या, अर्धा तास लंगडी किंवा खो-खो घ्या आणि मगच पळवा. दहा वर्षांखालच्यांना खेळच पुरे. बाकीच्यांना पहिले दोन आठवडे एक फेरी चालत, एक संथ पळत, असं चार वेळा. पळता पळता बोलता आलं पाहिजे. दम लागून बोलणं तुटत असेल तर वेग जास्त आहे. तिसऱ्या आठवड्यापासून शेवटी ६० मीटरच्या सहा धावा, दर वेळी चालत परत. नडगी दुखू लागली तर आठवडाभर पळणं बंद. सहसा फेऱ्या एकदम वाढवल्यानं किंवा जमीन टणक असल्यानं असं होतं. पापणी आतून फिकी दिसली, थोडक्यात धाप लागली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.

गावातल्या कन्नड पोरांनाही सामील करा. आकडे दोन्ही भाषांत मोजा: एक, दोन, तीन, ओंदु, एरडु, मूरु. वेगळ्या रांगा लावल्या की टोळीची पोरं कडेला बसतात.

निवड चाचणी घेऊ नका, मोठी आश्वासनं तर नकोतच. टोळी कधी हलेल सांगता येत नाही, म्हणून सहा आठवड्यांपुरताच आराखडा करा. प्रत्येकाचं कार्ड ठेवा: नाव, जन्मतारीख, गाव, ६० आणि ८०० मीटरची वेळ, झालेली दुखापत. त्याचा फोटो घरच्यांच्या मोबाइलवर पाठवा. मूळ गावच्या शाळेत खेळाचे शिक्षक कोण, हे टोळी हलण्याआधी विचारून घ्या आणि त्यांना फोन तुम्हीच करा.