नारळी-पोफळीच्या सावलीत फुलझाडे : मृगाआधीची तयारी

वाडीत फुलझाडे लावायची तर आधी सावली बघा, रोपे मागाहून आणा. भर दुपारी झाडांखाली उभे राहा. जमिनीवर उन्हाचे कवडसे हलताना दिसले, तर हेलिकोनिया (केळीसारख्या पानांचे, रंगीत तुऱ्यांचे फुलझाड), सोनटक्का, अबोली यांना ती जागा मानवेल. साधारण ८ ते २५ वर्षांच्या नारळाखाली सावली गच्च असते. तिथे पाने वाढतात, फूल येत नाही. जुनी, उंच माडांची वाडी यासाठी सगळ्यांत चांगली. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राच्या लाखी बागेत अशाच मोकळ्या जागेत मसाल्याची झाडे घेतात. फुलांनाही तोच न्याय लावता येतो.

माडाच्या बुंध्यापासून २ मीटरपर्यंत खणू नका. त्याची कामाची मुळे तिथेच असतात, शिवाय झावळ आणि नारळ पडतात तेही तिथेच.

कोकणात ही झाडे उन्हापेक्षा साचलेल्या पाण्याने जास्त मरतात, म्हणून निचऱ्यात अजिबात हयगय नको. वीतभर उंच गादीवाफे करा, उताराकडे चर काढा. जुलैत मोठी सर ओसरल्यावर तासाभराने वाफ्याकडे जा. चरात पाणी तसेच उभे असेल, तर त्याच दिवशी वाट करून द्या. लावणीच्या वेळी कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा (मूळकुजीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) मिसळून घाला. ताजे शेण नको.

मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो. जमीन भिजली की हेलिकोनिया आणि सोनटक्क्याचे कंद लावा. कंदाला निदान एक-दोन जिवंत डोळे हवेत; दाबून मऊ लागणारा कंद टाकून द्या. दोन कंदांत मीटरभर अंतर ठेवा, जागा लवकरच भरते. सोनटक्क्याला ओल आवडते, पाटाच्या कडेला तो खूश असतो. अबोलीची घाई करू नका, पावसाचा जोर ओसरल्यावर रोपे लावा. मर (रोपे सुकून मरण्याचा रोग) लागलेल्या जागी पुन्हा अबोली नको. रोग आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) मातीत टिकून असतात. वेणी-वळेसराला मागणी आहे म्हणून लोक तोच वाफा पुन्हा धरतात आणि वर्ष वाया जाते.

गोगलगायी कोवळे कोंब रातोरात खातात. संध्याकाळी ओले गोणपाट वाफ्याजवळ पसरा, सकाळी उलटून खाली जमलेल्या वेचून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यात मात्र टाकू नका. पोफळीवर कोळेरोगासाठी (पावसात सुपारी कुजून गळण्याचा रोग) १ टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक) फवारताना खालची तयार फुले आधी काढून घ्या, डाग पडलेले फूल बाजारात जात नाही.

पाऊस गेला की ऑक्टोबरच्या उन्हाआधी पालापाचोळ्याचे आच्छादन घाला आणि शिंपण्याचे पाणी सुरू करा. सावली आहे म्हणून पाणी लागत नाही, असे नसते. हेलिकोनियाचा तुरा दोन-तीन पाकळे उघडल्यावर सकाळी कापा, कारण कापल्यावर तो पुढे उघडत नाही. एका दांड्याला एकदाच फूल येते, तेव्हा फूल कापले की तो दांडा जमिनीलगत छाटा.