सहकुटुंब पहिल्यांदाच मुंबईला निघालात? या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी लागायच्या आठ दिवस आधी उदगीरहून आतेभावाचा फोन आला. 'दोन दिवसांसाठी येतोय, पोरांना मुंबई दाखवायचीय. यादी व्हॉट्सॲपवर टाकलीय, बघ.' यादीत गेटवे, घारापुरी, राणीची बाग, सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू चौपाटी, बोरिवलीचं नॅशनल पार्क, शाहरुखचा बंगला आणि 'जमलं तर एखादा मोठा मॉल' एवढं होतं. मी डोंबिवलीत राहतो. अशी यादी दर सुट्टीला येते, पाठवणारा तेवढा बदलतो.

यादीत वाईट काही नाही. गडबड होते ती ती यादी नकाशा बघून केलेली असते म्हणून. गावाकडे अंतर म्हणजे किलोमीटर. उदगीरहून लातूर साठ-पासष्ट किलोमीटर, एसटीनं दीड-दोन तास, सकाळी निघा नाहीतर दुपारी. मुंबईत असं नसतं. डोंबिवली ते सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ४८ किलोमीटर. दुपारी बारा वाजता फास्ट, म्हणजे मोजक्याच स्टेशनांवर थांबणाऱ्या लोकलमध्ये बसून, खिडकीतून खाडी बघत, तासाभरात पोचाल. सकाळी साडेआठला तोच तास दोन माणसांच्या मध्ये हात वर अडकवून काढावा लागतो, आणि सोबत आत्या नि सहा वर्षांची पोरगी असेल तर आधी गाडीत चढायलाच मिळणार नाही. म्हणून 'किती लांब आहे?' हा प्रश्न सोडा. 'किती वाजता, कुठल्या दिशेला?' हे विचारा.

दिशेचं गणित सोपं आहे. सकाळी आठ ते अकरा अख्खी मुंबई दक्षिणेकडे, म्हणजे सीएसएमटी आणि चर्चगेटकडे धावते. संध्याकाळी साडेपाच ते नऊ तीच मुंबई उलटी, कल्याण-विरारकडे परतते. पाहुण्यांनी एक तर पहाटे निघावं, नाहीतर अकराच्या पुढे. परतायचं पाचच्या आत, नाहीतर जेवूनखाऊन नऊनंतर. हे एवढं पाळलंत तर निम्मी भांडणं टळतील, नवरा-बायकोची धरून.

एका दिवसात तीन टोकं

आतेभावाच्या यादीत पहिल्याच दिवशी सकाळी नॅशनल पार्क, दुपारी गेटवे आणि संध्याकाळी जुहू होतं. बोरिवली ते चर्चगेट रेल्वेनंच ३४ किलोमीटर, आणि जुहू त्यांच्या मधे कुठेतरी. म्हणजे खाली जाऊन ऐन गर्दीत पुन्हा वर यायचं.

एका दिवसाला एकच बाजू घ्या. दक्षिण मुंबईचा दिवस केलात तर सीएसएमटीची इमारत, काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, गेटवे आणि दिवेलागणीला मरीन ड्राइव्ह हे सगळं चालत आणि एक-दोन टॅक्सी करून होतं. दादरचा दिवस केलात तर सिद्धिविनायक, चैत्यभूमी, शिवाजी पार्क आणि तिथून भायखळ्याची राणीची बाग. बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि कान्हेरी लेणी धरली तर तो अख्खा दिवस त्यांचाच. घारापुरीलाही अर्ध्याहून जास्त दिवस द्यावा लागतो. गेटवेवरून लाँचनं तासभर जायला, तासभर यायला, आणि धक्क्यापासून वर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर हे घरी असतानाच सांगा, पहिल्या पायरीवर नको.

सुट्टीचे वार न बघणं ही तर ठरलेली चूक. घारापुरी आणि कान्हेरी सोमवारी बंद, नेहरू तारांगणही सोमवारीच. राणीची बाग बुधवारी बंद. पेंग्विन बघायचे म्हणून पोरं रात्रभर झोपत नाहीत आणि सकाळी फाटकाला कुलूप! तारापोरवाला मत्स्यालय तुमच्या वडिलांनी बघितलं असेल, आता ते बंद आहे. जुन्या लाल डबलडेकर बसही सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. आता एसी, विजेवरच्या डबलडेकर आहेत. पोरांना वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली म्हणजे झालं.

सिद्धिविनायकाला मंगळवारी आणि विशेषतः अंगारकीला जायचं असेल तर श्रद्धेनं जा, पण मग त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. आणि ६ डिसेंबरच्या आसपास दादरला उतरणार असाल तर चैत्यभूमीला येणाऱ्या लाखोंच्या गर्दीचा हिशेब आधी करा.

रविवारी गर्दी नसते म्हणून

नसते, खरं आहे. पण रविवारी मेगाब्लॉक असतो. रुळांच्या देखभालीसाठी मध्य आणि हार्बर मार्गावर साधारण अकरा ते चारच्या दरम्यान गाड्या वळवतात, काही बंद ठेवतात. पश्चिम रेल्वेवर त्याला जम्बोब्लॉक म्हणतात. शनिवारच्या पेपरात किंवा बातम्यांत तो कुठून कुठपर्यंत आहे ते येतं. एवढं बघून मग रविवार ठरवा.

नावांचा घोळ

'सेंट्रलला ये' असं कुणी म्हणालं तर नीट विचारून घ्या. मुंबई सेंट्रल हे स्टेशन मध्य रेल्वेवर नाही, पश्चिम रेल्वेवर आहे, आणि एसटीचा मोठा आगारही तिथेच. कुर्ला स्टेशन वेगळं, कुर्ला टर्मिनस म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनस वेगळं. तसंच वांद्रे आणि वांद्रे टर्मिनस. जुनी माणसं अजून व्हीटी आणि एल्फिन्स्टन म्हणतात. पाट्यांवर ते सीएसएमटी आणि प्रभादेवी आहे. दादरला तर दोन रेल्वे एकत्र येतात. तिथले फलाट आता सलग मोजतात, १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे. कुणी जुन्या सवयीनं 'दादर एक नंबरला थांबलोय' म्हणालं तर 'वेस्टर्नचा की सेंट्रलचा?' हे विचारल्याशिवाय हलू नका.

लोकल: इथेच खरी परीक्षा

सगळ्यात महागात पडलेली चूक सांगतो, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर झाली आणि तिच्यात निम्मा दोष माझा.

संध्याकाळचे साडेसहा, दादर, कल्याण फास्ट. मी म्हणालो, 'येतेय, तयार राहा.' गाडी आली, लोंढा आला, आतेभाऊ आणि त्याचा थोरला आत ढकलले गेले. वहिनी, धाकटी, आत्या आणि मी फलाटावर. गाडी गेली. वहिनींचा मोबाइल आतेभावाच्या खांद्यावरच्या पिशवीत, आणि आतेभावाच्या मोबाइलची बॅटरी दुपारीच फोटो काढून संपलेली. तो बिचारा पुढच्या थांब्यावर, कुर्ल्याला उतरला आणि आम्हाला शोधायला उलट गाडीनं दादरला आला. तेवढ्यात आम्ही त्याला शोधायला कुर्ल्याला गेलो. मग तो... असो. पाऊण तास गेला, आत्यांनी पंढरपूरचा नवस बोलून घेतला.

तेव्हापासून घरातून निघतानाच नियम सांगतो. जो गाडीत चढला त्यानं पुढच्या थांब्यावर उतरायचं आणि तिथेच, त्याच फलाटावर, उभं राहायचं. जे मागे राहिले त्यांनी पुढच्या गाडीनं त्याच्याकडे जायचं. चढलेल्यानं कधीही परत फिरायचं नाही. यात मेख एवढीच की मागची गाडी त्या थांब्यावर थांबणारी हवी. फास्ट चुकली तर मागून फास्टच पकडा. स्लो आणि फास्ट अनेकदा वेगवेगळ्या फलाटांवर लागतात, मग पुन्हा शोधाशोध. पोरांच्या खिशात नाव आणि दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि प्रत्येक मोठ्या माणसाकडे स्वतःचा चालू मोबाइल, हे चहाइतकंच आवश्यक समजा.

चढण्याइतकंच उतरण्याचं. लोकल थांबते ती जेमतेम अर्धा मिनिट. आपलं स्टेशन आलं की उठायचं हा एक्स्प्रेसचा हिशेब झाला. इथे आदल्या स्टेशनलाच दाराकडे सरकायचं आणि पुढच्या माणसाला विचारायचं, 'दादर उतरणार?' तो हो म्हणाला तर त्याच्या मागे उभं राहा, नाही म्हणाला तर जागा बदलून घ्या. फलाट कुठल्या बाजूला येणार हेही विचारा. कुणी हसत नाही, सगळे सांगतात. विरार फास्टमध्ये मात्र अंधेरी-बोरिवलीला उतरायचं म्हणून पोरंबाळं घेऊन गर्दीच्या वेळी चढू नका. मधेच उतरणाऱ्यांवरचा विरारवाल्यांचा राग खरा असतो.

तिकिटाचं थोडक्यात. पहिल्या वर्गाचा डबा दिसायला जवळपास सारखाच असतो. रिकामा दिसला म्हणून घाईत चढलात आणि टीसी आला तर भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड, माणशी. साधं तिकीट एसी लोकलला चालत नाही. दिवसभर वर-खाली करणार असाल तर खिडकीवर १, ३ किंवा ५ दिवसांचं पर्यटक तिकीट मागा, दर वेळी रांग नको. आणि दुपारी कधीतरी एसी लोकल घ्याच. पैसे जास्त जातात, पण दारं बंद असल्यानं पोरांवर डोळा ठेवायचा ताण जातो.

सामान घेऊन लोकल

लातूरकडून, विदर्भातून किंवा कोल्हापूरकडून रात्रीच्या गाडीनं येणारे पुष्कळ जण सकाळी कल्याण, ठाणे किंवा दादरला उतरतात आणि तीन बॅगा, एक पोतं (त्यात आमच्यासाठी ज्वारी, हे मान्य) घेऊन लोकल पकडायला जातात. नेमकी सर्वांत वाईट वेळ. दक्षिण मुंबईत उतरायचं असेल तर एक्स्प्रेसमध्येच सीएसएमटीपर्यंत बसून राहा. खोली दुपारी मिळणार असेल तर बॅगा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं, म्हणून उतरल्याबरोबर तिकीट फाडू नका.

खोलीचं बुकिंग करताना चेक-इनची वेळ विचारा. सकाळी सहाला पोचून बारापर्यंत लॉजच्या पायरीवर बसलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. स्वस्त मिळतं म्हणून फार लांब खोली घेतली की वाचलेले पैसे टॅक्सीत जातात आणि वर वेळही जातो. दादरच्या आसपास थोडं महाग पडलं तरी दोन्ही रेल्वे हाताशी, आणि आत्यांना पिठलं-भाकरीही मिळते.

नातेवाइकांकडे उतरणार असाल तर राग मानू नका, पण एक सांगतो. वन बीएचके, एक बाथरूम, पाणी ठरलेल्या वेळी, आणि यजमानाची ठरलेली लोकल. 'आम्ही सातनंतर उठतो, तुमचं आटोपू दे' हे वाक्य ऐकलं की आम्हा मुंबईकरांना भरून येतं.

रिक्षा, टॅक्सी, मेट्रो

सीएसएमटीच्या बाहेर रिक्षा शोधू नका, मिळणार नाही. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या उत्तरेला, म्हणजे उपनगरातच चालते. त्याखाली काळी-पिवळी टॅक्सी, ॲपवरची गाडी किंवा बेस्टची बस. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ आणि टॅक्सीचे ३१ रुपये आहेत. मीटर टाकायला सांगा, इथे ते भांडण समजत नाहीत. टॅक्सीत चार, रिक्षात तीन. सहा जणांचं कुटुंब म्हणजे दोन टॅक्सी, आणि दोन्हींत पत्ता माहीत असलेलं एकेक माणूस.

ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरेपासून थेट कफ परेडपर्यंत जाते. पाहुण्यांसाठी ही मोठीच सोय झाली. सिद्धिविनायक, दादर, महालक्ष्मी, सीएसएमटी, हुतात्मा चौक ही सगळी तिची स्थानकं आहेत. सरकते जिने, लिफ्ट, गारवा. फक्त जमिनीखाली मोबाइलला रेंज मिळेलच असं धरू नका. कुठे भेटायचं ते वरच ठरवा.

ज्याबद्दल कुणी बोलत नाही

शौचालय. दोन दिवसांच्या आराखड्यात ते कुणीच लिहीत नाही आणि अख्खा दिवस त्यावरच अडतो, विशेषतः बायकांचा आणि म्हाताऱ्यांचा. बाया मग पाणीच पीत नाहीत. मुंबईच्या दमट हवेत, घामाच्या धारा लागलेल्या असताना, हा सरळ चक्कर यायचा रस्ता आहे. मेट्रो स्थानक, संग्रहालय, मॉल, जेवणाचं हॉटेल इथली सोय बरी असते. अशा ठिकाणाहून निघताना सगळ्यांनी जाऊन यायचं, लागली असो वा नसो. सुटे पैसे जवळ ठेवा.

तरीही काही बिघडलंच तर

चुकीच्या लोकलमध्ये बसलात तर घाबरून चालत्या गाडीतून उतरायला जाऊ नका. पुढच्या थांब्यावर उतरा, पुलावरून पलीकडे जा, उलटी गाडी पकडा. रूळ ओलांडू नका, मुंबईकर ओलांडताना दिसले तरी. पिशवी गाडीत राहिली तर गाडी कितीची होती, कुठे जाणारी होती आणि डबा पुढून कितवा ते आठवून लगेच १३९ ला फोन करा किंवा फलाटावरच्या रेल्वे पोलिसांना गाठा. मूल दिसेनासं झालं तर स्वतः शोधत फिरण्याआधी एकानं स्टेशन मास्तरकडे जाऊन घोषणा करायला सांगायची, दुसऱ्यानं जिथे चुकामूक झाली तिथेच थांबायचं. चाइल्डलाइनचा नंबर १०९८, पोलिसांचा ११२. पावसाळ्यात आला असाल तर भरतीची वेळ बघा. जुहूला पोलीस शिट्टी वाजवून मागे बोलावतात ते उगाच नाही. भरतीत हाजी अलीचा रस्ताही पाण्याखाली जातो.

आणि परतीचं तिकीट आत्ताच काढून बघा, गाडी सुटते कुठून. येताना सीएसएमटीला उतरलात म्हणजे जातानाही तिथूनच असेल असं नाही. आतेभावाचं परतीचं तिकीट लोकमान्य टिळक टर्मिनसचं होतं. हे त्याला सीएसएमटीच्या फलाटावर, पुरी-भाजीचा डबा उघडल्यावर कळलं.