ओपनएमआरएससाठी एकदाच लिहायची लॉगिन स्क्रिप्ट

ओपनएमआरएस ही रुग्णनोंदींची मुक्तस्रोत प्रणाली अनेक देशांतील रुग्णालयांत वापरली जाते आणि छत्तीसगडमधील गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयात आकाराला आलेली बाह्मनी ही प्रणालीही तिच्यावरच उभी आहे. अशा प्रणालीच्या स्वयंचलित चाचण्या लिहिताना लॉगिनचा मजकूर प्रत्येक चाचणीत पुन्हा उतरवला, तर लॉगिनच्या पडद्यावरचे एक बटण बदलताच साऱ्या चाचण्या एकदम नापास होतात. म्हणून लॉगिन एकाच ठिकाणी लिहावे आणि बाकीच्या चाचण्यांनी त्याचा केवळ उपयोग करावा. येथे दिलेली पद्धत प्लेराइट या, ब्राउझर आपोआप चालवून संकेतस्थळांच्या चाचण्या घेणाऱ्या, साधनासाठी आहे.

स्क्रिप्ट लिहिण्यापूर्वी खाती तयार करावीत. डॉक्टर, परिचारिका आणि नोंदणी कक्षातील कर्मचारी अशा प्रत्येक भूमिकेसाठी चाचणी सर्व्हरवर स्वतंत्र खाते हवे. सगळीकडे प्रशासकाचेच खाते वापरण्याचा मोह होतो, परंतु ‘सिस्टिम डेव्हलपर’ भूमिकेला सर्वच अधिकार असल्यामुळे परिचारिकेला औषधाची ऑर्डर का देता येत नाही, यासारखे दोष त्या खात्यातून कधीच दिसत नाहीत. खऱ्या डॉक्टरांचे खाते आणि प्रत्यक्ष वापरातील सर्व्हर यांना तर स्क्रिप्टने हातच लावू नये. ओपनएमआरएस प्रत्येक नोंदीसोबत ती कोणी व केव्हा केली हे साठवते, आणि चुकीची नोंद ‘व्हॉइड’ म्हणजे रद्द केली तरी ती डेटाबेसमध्ये राहतेच. त्यामुळे चाचणीत सहज दाबलेले एक बटण एखाद्या रुग्णाच्या इतिहासात डॉक्टरांच्या नावाने कायमचे राहू शकते.

आता लॉगिनचे काम. ते पडद्यावरून न करता रेस्ट सेवेतून, म्हणजे प्रोग्रामने सर्व्हरशी थेट बोलण्याच्या मार्गाने, करणे अधिक जलद आणि भरवशाचे ठरते. सेशनच्या, म्हणजे लॉगिन सत्राच्या, पत्त्यावर वापरकर्तानाव व पासवर्ड ‘बेसिक’ पद्धतीने (विनंतीच्या शीर्षभागातून) पाठवले की सर्व्हर ‘जेसेशनआयडी’ नावाची कुकी, म्हणजे ते सत्र ओळखण्याची छोटी खूण, देतो. येथे एक गोष्ट काळजीपूर्वक पाहावी: हा पत्ता लॉगिन झालेले नसतानाही 200 हाच, विनंती यशस्वी झाल्याचा, कोड देतो, त्यामुळे केवळ कोड पाहून यश गृहीत धरले, तर स्क्रिप्ट बिनलॉगिनची अवस्था जपून ठेवते आणि पुढच्या चाचण्या भलत्याच ठिकाणी अडखळतात. उत्तरातील ‘ऑथेंटिकेटेड’ या घटकाचे मूल्य ‘ट्रू’ आहे आणि परत आलेले नाव आपण पाठवलेल्या खात्याचेच आहे, या दोन्ही गोष्टी तपासून मगच पुढे जावे.

रुग्णालयाच्या प्रणालीत एवढ्याने लॉगिन पूर्ण होत नाही, कारण वापरकर्ता कोणत्या विभागात बसला आहे हेही प्रणालीला लागते. बाह्यरुग्ण विभाग, आंतररुग्ण कक्ष किंवा प्रयोगशाळा यांपैकी स्थळ ठरवण्यासाठी त्याच पत्त्यावर ‘सेशन लोकेशन’चा ओळखक्रमांक पाठवावा. ‘लॉगिन लोकेशन’ हा टॅग असलेली स्थळेच निवडीसाठी दिसतात, म्हणून नव्या चाचणी सर्व्हरवर यादी रिकामी आली तर आधी हा टॅग तपासावा.

ही अवस्था प्लेराइटच्या ‘स्टोरेज स्टेट’ सोयीने भूमिकेनुसार वेगवेगळ्या फायलींत साठवावी आणि ते काम मुख्य चाचण्यांआधी धावणाऱ्या ‘सेटअप’ प्रकल्पात ठेवावे, म्हणजे प्रत्येक चाचणीला आपली भूमिका सांगून थेट कामाला लागता येते. या फायलीत कुकी आणि लोकल स्टोरेज (ब्राउझरमधला टिकाऊ साठा) येते, पण सेशन स्टोरेज (टॅब बंद होताच पुसला जाणारा साठा) येत नाही. प्रणालीचे एखादे मॉड्यूल सेशन स्टोरेजवर अवलंबून असेल तर तो भाग वेगळा भरावा लागतो. फाइल हाती असणारा कोणीही त्या खात्याने आत शिरू शकतो, म्हणून तिची जागा गिट या कोड साठवण्याच्या साधनाच्या दुर्लक्ष-यादीत (.gitignore) असावी आणि पासवर्ड स्क्रिप्टमध्ये न लिहिता पर्यावरण-चलातून (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) किंवा चाचण्या आपोआप चालवणाऱ्या सीआय यंत्रणेच्या गुप्त साठ्यातून घ्यावा. चाचणीतील प्रत्येक पाऊल नोंदवणाऱ्या प्लेराइटच्या ट्रेस फायलीतही टाइप केलेली मूल्ये आणि कुकी दिसू शकतात, त्यामुळे त्या सर्वांना खुल्या ठेवू नयेत.

साठवलेले सेशन फार काळ टिकत नाही. ओपनएमआरएस ज्यावर चालते त्या टॉमकॅट वेब-सर्व्हरमध्ये निष्क्रियतेची मूळ मर्यादा 30 मिनिटांची आहे, म्हणून चाचण्यांच्या प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला नवे लॉगिन करावे आणि कालची फाइल वापरू नये. लॉगआउटची चाचणी मात्र साठवलेल्या अवस्थेवर कधीही चालवू नये, कारण ती सर्व्हरवरील सेशनच संपवते आणि त्याच कुकीवर समांतर धावणाऱ्या इतर चाचण्या एकाएकी बाहेर फेकल्या जातात. समांतर चाचण्या एकाच खात्याचे सेशन-स्थळ बदलत असतील तरीही असाच गोंधळ होतो. तेथे प्रत्येक वर्करला, म्हणजे चाचण्या समांतर चालवणाऱ्या प्लेराइटच्या प्रत्येक प्रक्रियेला, वेगळे खाते द्यावे.

लॉगिनचा पडदा स्वतः मात्र एका स्वतंत्र चाचणीत, खऱ्या वापरकर्त्याप्रमाणेच तपासावा. ओपनएमआरएसच्या तिसऱ्या आवृत्तीत नाव आणि पासवर्ड वेगवेगळ्या पायऱ्यांवर विचारता येतात व ही मांडणी संस्था बदलू शकते, म्हणून रकाने त्यांच्या लेबलावरून शोधावेत आणि लेबले भाषेनुसार बदलत असल्याने ब्राउझरची भाषाही स्क्रिप्टमध्ये निश्चित करावी. चुकीच्या पासवर्डची तपासणी करायची असल्यास त्यासाठी राखीव खाते ठेवावे, कारण ठरावीक चुकांनंतर ओपनएमआरएस खाते काही काळ बंद करते आणि ते खाते सामायिक असेल तर उरलेली फेरी तेथेच थांबते.