विदर्भाचा रणजी सामना वही घेऊन कसा बघायचा

रणजीच्या दिवशी नागपूरजवळच्या जामठा मैदानाच्या स्टँडमध्ये बसलं की समालोचन कानावर पडत नाही आणि बऱ्याच खुर्च्या रिकाम्या असतात. सकाळच्या सत्रात कोणत्या गोलंदाजाने सलामीच्या जोडीला जखडून ठेवलं होतं, हे चहापानापर्यंत कुणाच्याच लक्षात राहत नाही. विदर्भाचं क्रिकेट चिकाटीचं आहे आणि ही चिकाटी धावफलकावर दिसत नाही. ती बॉलगणिक लिहिलेल्या वहीत दिसते.

आधी मैदान कोणतं ते नीट बघून घ्या. विदर्भाचे घरचे सामने बहुतेक जामठ्याला होतात, पण काही सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावरही होतात, आणि चुकीच्या ठिकाणी पोहोचलं की पहिलं सत्र गेलंच समजा. जामठा वर्धा रोडवर, शहराच्या बाहेर आहे. मेट्रोने खापरीपर्यंत जायचं, तिथून पुढे ऑटो किंवा बस. खेळ साधारण साडेनऊला सुरू होतो, म्हणून सव्वानऊला जागेवर असायला हवं. टॉस, दोन्ही संघांची नावं आणि फलंदाजीचा क्रम उतरवून घ्यायलाच पंधरा मिनिटं लागतात. तर्री-पोहे त्याआधीच आटपा. तर्रीचा तेलकट डाग पडलेल्या कागदावर पेन्सिल उठत नाही.

बसायचं ते गोलंदाजाच्या हाताच्या रेषेत, साइटस्क्रीनच्या, म्हणजे गोलंदाजामागच्या मोठ्या पडद्याच्या, थोडं बाजूला आणि वरच्या रांगेत. पॉइंट किंवा स्क्वेअर लेगच्या, म्हणजे खेळपट्टीच्या आडव्या, बाजूला बसलं तर बॉल बॅटला लागून गेला की पॅडला, हे कळतच नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून दक्षिणेकडे पाठ येईल असं टोक मिळालं तर दिवसभर डोळ्यांवर ऊन येत नाही. मैदान मोठं आहे, आठपट दुर्बीण जवळ असावी.

सामान थोडंच लागतं. खेळाच्या सामानाच्या दुकानात छापील स्कोअरबुक मिळतं. नाही मिळालं तर चौकटींची मोठी वही आडवी धरून रेघा मारल्या तरी चालतं. दोन एचबी पेन्सिली, खोडरबर, चार रंगांचे बॉलपेन आणि वाऱ्यासाठी दोन मोठ्या क्लिपा. प्रत्येक गोलंदाजाला एक रंग ठरवून द्या, वेगवान गोलंदाजाला लाल, डावखुऱ्या फिरकीपटूला हिरवा, असा. फलंदाजाच्या ओळीतही त्याच्या बॉलवरच्या धावा त्याच रंगात लिहा. मग शतक कुणाच्या जिवावर झालं, हे पानाकडे बघितल्याबरोबर कळतं. रंगात लिहिलेलं खोडता येत नाही, म्हणून पहिले काही सामने फक्त पेन्सिलीवर काढा.

पानावर वर फलंदाज, त्याखाली अवांतर धावा, खाली गोलंदाज आणि कडेला विकेट कितीवर पडल्या त्याचा तक्ता. गोलंदाजाच्या ओळीत एक चौकोन म्हणजे एक ओव्हर. फिरकीपटू एका डावात तीस-तीस ओव्हर टाकून जातो, तेव्हा त्याच्यासाठी दोन ओळी मोकळ्या सोडा.

खुणा अशा: धाव नाही तर टिंब. वाइडला अधिकचं चिन्ह. नो बॉलला वर्तुळ, त्यावर बॅटने धावा काढल्या तर आकडा वर्तुळात. बायला (बॅट किंवा अंगाला न लागलेल्या बॉलवरची धाव) टोक वर असलेला त्रिकोण, लेगबायला (अंगाला लागून गेलेल्या बॉलवरची) टोक खाली असलेला. पूर्ण ओव्हर निर्धाव (मेडन) गेली की सहा टिंबं जोडून इंग्रजी एम काढायचा, त्यात विकेट पडली असेल तर डब्ल्यू.

एक ओव्हर जवळून बघू. समजा पहिला बॉल टिंब. दुसरा नो बॉल, त्यावर चौकार. त्यानंतर एक लेगबाय. मग वाइड. पुढच्या बॉलवर स्ट्राइकवर आलेला दुसरा फलंदाज झेलबाद. नवा फलंदाज येतो, दोन धावा काढतो आणि उरलेले दोन बॉल खेळून काढतो. एकूण आठ चेंडू पडले, त्यातले वैध सहा. धावफलकावर ९ धावा वाढल्या. गोलंदाजाच्या नावावर ८ आणि एक विकेट, कारण लेगबायची धाव त्याच्या खात्यात जात नाही. पहिल्या फलंदाजाचे ३ बॉल ४ धावा: नो बॉल त्याने खेळलेला बॉल धरतात, ओव्हरच्या सहात मात्र धरत नाहीत. वाइड कुणाच्याच बॉलमध्ये धरत नाहीत. नवशिक्यांची वही सगळ्यात जास्त इथेच चुकते. बाय आणि लेगबाय गेले तरी ओव्हर मेडनच राहते, ही दुसरी नेहमीची चूक.

झेल उडाल्यावर फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं का, हे बघत बसायची गरज आता नाही. ऑक्टोबर २०२२ पासून नवा फलंदाज स्ट्राइकवरच येतो. ओव्हरचा शेवटचा बॉल असेल तरच तो दुसऱ्या टोकाला राहतो.

विकेट पडली की घाई करू नका. आधी एकूण धावसंख्या, मग कितवी विकेट, बाद झालेला कोण, नाबाद राहिलेल्याच्या धावा, आणि ओव्हर. हा तक्ता नीट असला की भागीदाऱ्या आपोआप निघतात. २०२५ च्या अंतिम सामन्यात जामठ्यावर केरळविरुद्ध विदर्भ ३ बाद २४ वर होता, पुढची विकेट २३९ वर पडली. वजाबाकी केली की दानिश मालेवार आणि करुण नायर यांची २१५ धावांची भागीदारी समोर येते. त्या मोसमातली आपल्या संघाची सगळी जिद्द या दोन आकड्यांच्या मधे आहे. नायर ८६ वर धावबाद झाला. धावबाद फलंदाज विकेटच्या तक्त्यात येतो, गोलंदाजाच्या ओळीत येत नाही.

हॅट्ट्रिककडे लक्ष ठेवायचं तर मागचा चौकोन बघायची सवय लावा. रजनीश गुरबानीने २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात इंदूरला दिल्लीविरुद्ध घेतलेली हॅट्ट्रिक दोन ओव्हरमध्ये विभागलेली होती. मधे दुसऱ्या टोकाची एक पूर्ण ओव्हर जाते आणि नुसता चालू चौकोन बघणाऱ्याच्या नजरेतून ती सुटते.

प्रतिस्पर्ध्याचा पहिला डाव सुरू झाला की पानाच्या वर आपली धावसंख्या ठळक लिहून ठेवा, दर ओव्हरला आघाडी मोजता येते. बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाची आघाडीच निकाल ठरवते. २०२५ ला विदर्भाच्या ३७९ ला केरळने ३४२ चं उत्तर दिलं, आणि त्या ३७ धावांवर करंडक तिसऱ्यांदा आपल्याकडे आला. साखळीत अशा आघाडीचे ३ गुण मिळतात, निर्णायक विजयाचे ६.

ताळा दर दहा ओव्हरला करा, दिवसाअखेर नको. ऐंशी ओव्हरमधली एक चुकलेली धाव सापडत नाही. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर म्हणजे एकूण. गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय आणि लेगबाय, हेही तेवढंच यायला हवं. फलंदाजांनी खेळलेले सगळे बॉल म्हणजे वैध बॉल अधिक नो बॉल. पहिला ताळा जुळला आणि दुसरा नाही, तर बहुतेक वेळा लेगबाय गोलंदाजाच्या माथी मारलेला असतो. एकाच धावेचा फरक असेल तर पंचांची खूण हुकली असणार: वर केलेला उघडा हात म्हणजे बाय, उचललेल्या गुडघ्याला लावलेला हात म्हणजे लेगबाय, खांद्याला टेकवलेली बोटं म्हणजे अपुरी धाव (पूर्ण न धावता घेतलेली). म्हणून बॉल सीमेपार गेला तरी नजर पंचांवर ठेवा, आणि पंच वळल्यावरच लिहा.

खेळ थांबला की पान मिटण्याआधी चार गोष्टी टिपा: नाबाद दोघांच्या धावा, सकाळी स्ट्राइकवर कोण, शेवटची ओव्हर कोणत्या टोकाने कुणी टाकली, आणि बॉल किती ओव्हर जुना आहे. ८० ओव्हर झाल्या की नवा बॉल घेता येतो, म्हणून शेवटचा आकडा सकाळी पहिल्या अर्ध्या तासात लागतो. अपुऱ्या उजेडामुळे ओव्हर अर्धवट राहिली असेल तर उरलेले बॉल दुसऱ्या दिवशी त्याच टोकाकडून पडतात. तो चौकोन बंद करू नका.