मुख्याध्यापकांनो, देणगीची यादी काढायच्या आधी हे करा

झेडपीच्या शाळेचा चार्ज हातात आला की पहिल्याच महिन्यात डोक्यात लोकसहभाग शिरतो, आणि मग काय, पंखे, कपाटं, रंगकाम अशी यादी घेऊन सरपंचांच्या दारात. सरपंच चहा पाजतात, "बघू गुरुजी" म्हणतात, विषय संपला. पैसा सगळ्यात शेवटी मागायचा असतो. आधी माणसं जोडायची, आणि ती पण तुमच्याशी नाही तर शाळेशी, कारण तुमची बदली कधी ना कधी होणारच.

सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीपासूनच करा. 2009 च्या आरटीई कायद्यात स्पष्ट आहे की 75 टक्के सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कागदावर हे सगळीकडे असतं, पण बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात आणि ती झाली बैठक! हे आधी बंद करा. बैठक सकाळी अकराला ठेवली तर रोजंदारीवर जाणारी बाई येणार कशी, तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. संध्याकाळी ठेवा, गावातल्या लोकांनाच वेळ विचारा. पहिल्या बैठकीत काहीही मागायचं नाही. दोन-चार पोरांना उभं करून धडा वाचून घ्या (न वाचणाऱ्याला उभं करून त्याचा पाणउतारा करू नका, प्लीज) आणि मग पालकांना विचारा की शाळेत तुम्हाला काय खटकतंय. तक्रारी येतील, संडासाला पाणी नाही, खिचडी पातळ असते, मास्तर मोबाईल बघत बसतात. वाद घालू नका, लिहून घ्या, आणि पुढच्या बैठकीआधी त्यातली एक तरी मार्गी लावून दाखवा. माझ्या मते निम्मं काम इथंच होतं, कारण आपण बोललो आणि काहीतरी हललं हा अनुभव सरकारी ऑफिसात लोकांना फारसा येतच नाही.

आता मागा, पण वेळ मागा. गवंडी असलेला बाप पायरी दुरुस्त करून देईल, माता पालक गटातल्या बाया आपल्या गल्लीतल्या पोरांचं वाचन घेतील, पुण्या-मुंबईला असलेला माजी विद्यार्थी महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर बोलेल. काम छोटं आणि नेमकं सांगा. "शाळेसाठी काहीतरी करा" म्हटलं की कुणीच काही करत नाही.

ग्रामपंचायतीचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे ओळखीपेक्षा टायमिंग महत्त्वाचं. गावाचा विकास आराखडा ठरत असतानाच शाळेचं काम त्यात बसलं पाहिजे, नंतर हात जोडून उपयोग नाही. 15व्या वित्त आयोगात 2021 ते 26 या काळात ग्रामपंचायतीच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, म्हणजे शाळेचं संडास, हँडवॉश, पिण्याचं पाणी ही मागणी याच खात्यात बसणारी होती. आत्ताचा नियम ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (म्हणजे आधीचे ग्रामसेवक भाऊसाहेब) विचारा, आणि ग्रामसभेत मागणी तुम्ही नका मांडू, समितीच्या अध्यक्षांना मांडू द्या. गुरुजी बोलले की ते सरकारी काम वाटतं, पालक बोलला की गावाचं.

कंपन्यांकडे जायचं असेल तर आधी जवळची एमआयडीसी बघा. कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, खर्च करावी लागते आणि त्यात आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं. अर्ज एका पानाचा पुरे. यू-डायस नंबर (शाळेचा सरकारी क्रमांक), पट, नेमकी गरज, दोन फोटो, आणि गाव स्वतः काय घालतंय ते. ही शेवटची ओळ सगळ्यात जड असते बरं का. केंद्राच्या विद्यांजली पोर्टलवर पण शाळेची गरज टाकता येते, टाकून ठेवा.

नाही म्हणायला पण शिका. कुणीतरी स्मार्ट टीव्ही देतो, उद्घाटन होतं, फोटो छापून येतात, आणि नंतर लाईट बिल कोण भरणार हे कुणीच ठरवलेलं नसतं. देणाऱ्याला तिथेच विचारा, बिघडलं तर कोण बघणार? उत्तर नसेल तर टीव्हीऐवजी पुस्तकं मागा. निवडणुकीच्या तोंडावर नेतेमंडळींच्या बॅनरसकट येणाऱ्या वह्यांपासून तर लांबच राहा, गावातला दुसरा गट कायमचा दुरावतो.

मिळालेली प्रत्येक वस्तू साठा रजिस्टरला चढवा, रोख रक्कम स्वतःच्या खिशात किंवा फोनपेवर घेऊ नका, समितीच्या बँक खात्यातच. जमाखर्च व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहा, शंका घेणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होतात.

आणि एक वही आत्ताच सुरू करा. कुणी काय कबूल केलंय, कुणाचा फोन नंबर, कोण कुणाच्या शब्दाबाहेर नाही, कुणाला कधी फोन करायचा नाही, सगळं त्यात. बदलीची ऑर्डर आली की नव्या मुख्याध्यापकांना आणि समितीच्या अध्यक्षांना समोरासमोर बसवून ती वही द्या, नुसत्या चाव्या देऊन निघू नका.